नातवाची रिंग आणि आजीचं एरंडेल

आधी एक सांगून टाकतो. लहान पोराच्या लघवीच्या जागेबद्दल म्हाताऱ्या माणसानं लिहावं का, असं ज्याला वाटत असेल त्यानं हे कागद बाजूला ठेवावेत. मलाही लाज वाटायची. पोर तापानं फणफणत मांडीवर असलं की लाज आपोआप उतरते.

मी शिकलेला नाही. चौथीतून बापानं काढलं आणि केळीला पाणी धरायला लावलं. यावल तालुक्यातलं आमचं गाव. लिहिलंय मी, मुलीनं काना-मात्रा तेवढ्या नीट केल्या. लिहायचं कारण असं की परवा आमच्या गल्लीतल्या एका पोरीच्या बाळाला डॉक्टरनं तीच रिंग बसवली, जी माझ्या नातवाला बसवली होती. तिची सासू मला विचारायला आली, "नाना, त्याले तेल लावू का?"

मी लगेच तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. पण तोंडचं बोलणं गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत बदलतं. म्हणून हे लिहून ठेवतो.

घरात बाई नव्हती

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. रत्ना माझी एकुलती लेक. तिला दिवस गेले तेव्हा तिची आई अंथरुणाला होती. तिचं नाव द्वारका. पोटात गाठ. जळगावच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि शिवून घरी पाठवलं. तिला कोणी काही सांगितलं नाही आणि तिनंही कोणाला विचारलं नाही.

एक दिवस मी मळ्यातून आलो तर अंगणात चूल पेटवून ही बसलेली. लोखंडी कढईत एरंडीच्या बिया भाजत होती. मी ओरडलो, "तुले उभं ऱ्हायता येत नही अन् हे काय काढलं?"

म्हणाली, "रत्नाच्या पोराच्या अंगाले लागीन. दुकानाचं तेल नको."

बिया भाजल्या, कुटल्या, पाण्यात उकळल्या. वर आलेला तवंग पळीनं काढून पुन्हा कढवला. मधे मधे भिंतीला टेकून बसत होती. मी पळी मागितली तर दिली नाही. तेल काचेच्या बाटलीत भरलं, चिंधीचं बूच मारलं आणि कोनाड्यात ठेवलं. त्यानंतर चुलीपाशी ती पुन्हा बसली नाही. पोळ्याच्या आधी गेली.

विहीणबाईंनी निरोप धाडला, घरात बाई नाही तर बाळंतपण आम्हीच करतो. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण मी उलट निरोप दिला, माझ्या लेकीची आई गेली, माहेर गेलं नाही. ती इथंच येईल, इथंच बाळंत होईल आणि इथूनच ओटी भरून जाईल. जावई सुरतेला मिलात. तो बिचारा दोघांच्या मधे बोलला नाही.

धरणगावहून माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला आणलं. अक्काचा हात असा की रडतं पोर तिच्या पायांवर घातलं की गप्प होतं. तिच्या गल्लीतली निम्मी पोरं तिनंच न्हाऊ घातलेली.

नातू झाला. अक्कानं पहिल्याच दिवशी कोनाड्याकडे हात केला. मी म्हटलं, "ती बाटली नको."

"अरे, त्याच्यासाठीच काढलं ना तिनं?"

"नको म्हटलं ना."

उघडली की संपेल, एवढंच मनात होतं. मी दुकानातून तिळाचं तेल आणून दिलं. अक्कानं घेतलं, पण तोंड वाकडं करून.

पोर का रडतं

सव्वा महिन्याच्या आसपास ताप आला. अक्कानं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. गावातल्या डॉक्टरनं बाटलीतलं औषध दिलं, ताप उतरला. थोड्या दिवसांनी पुन्हा चढला. या वेळी रत्नानं एक गोष्ट पाहिली. पोर लघवी करायच्या आधी पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं. मग ती जागा फुग्यासारखी फुगायची आणि धार न येता थेंब थेंब गळायचं.

हे ती मला कसं सांगणार? बापाला असं सांगायचा रिवाज नाही. आई असती तर आईला सांगितलं असतं. दोन दिवस तिनं मनातच ठेवलं. मग दारात येऊन, पदर तोंडाला लावून, एका दमात बोलली. मी म्हटलं, "दाखव."

आयुष्यात पहिल्यांदा मी बाळंतिणीच्या खोलीत जाऊन दुपटं सोडून पाहिलं. माझी स्वतःची लेक लहान होती तेव्हासुद्धा मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी आम्ही जळगाव गाठलं.

जळगावच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, पोटाचा फोटो काढला सोनोग्राफीच्या त्या नव्या मशीनवर. मग मला आणि रत्नाला समोर बसवलं.

"टोकाची कातडी फार आवळलेली आहे. लघवी तटते आणि मागे दाब जातो. किडनीला सूज आलीय. असा ताप परत परत आला तर ती किडनी जाईल."

"मंग औषध द्या."

"औषध देतोच आहे. ताप उतरला की सुंता करावी लागेल."

रत्नानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोकडे पाहत राहिलो.

डॉक्टर आणखी एक बोलले, ते इथं मुद्दाम लिहितो. एवढ्या बाळांची कातडी आवळलेलीच असते. मोठं होता होता ती सुटते. कोणी ओढून मागे घेऊ नये आणि उगाच दवाखान्यात पळू नये. आमचं पोर वेगळं होतं कारण त्याला ताप आला आणि किडनी सुजली. माझं वाचून कोणी आपल्या धडधाकट पोराला धुळ्याला नेलं तर ते माझ्या माथी नको.

धुळ्याला का? तर इतक्या लहान बाळाचं हे काम जळगावला त्या डॉक्टरांच्या माहितीत कोणी करत नव्हतं. धुळ्याला एक सर्जन होते, मुंबईला शिकून आलेले. त्यांच्याकडे त्याची साधनं होती.

घरी आलो तर विहीणबाई ओट्यावर हजर. बातमी एसटीच्या पुढे पळते.

"काय ऐकते मी? सुंता? आमच्या घरात अशी गोष्ट आजवर झाली नही."

मी म्हटलं, "पोराले लघवी होत नही, विहीणबाई. तुमच्या घरात ही गोष्ट झाली होती का?"

"घरात बाई असती तर हे झालंच नसतं."

हे लागलं. रत्ना आतून बाहेर आली, पोर खांद्यावर. सासूसमोर कधी मान वर न करणारी माझी लेक म्हणाली, "आई असती तर ती आधीच धुळ्याच्या गाडीत बसली असती."

विहीणबाई चहा न घेता गेल्या. पण जाताना पोराच्या कपाळावरून हात फिरवून गेल्या, हेही लिहायला पाहिजे.

चिमटा

धुळ्याचा तो दवाखाना लहानच. खाली तपासायची खोली, वर सहा-सात खाटा. सर्जन तरुण, चष्मेवाला, बोलायला मऊ. त्यानं रत्नाला बाहेर बसवलं नाही, हे मला आवडलं. म्हणाला, "कसं करतात ते बघून घ्या, मग हो म्हणा." आणि एक ट्रे पुढे ओढला.

ट्रेमधे एक स्टीलचं हत्यार. वर पट्टी, बाजूला पिळायचा स्क्रू, मधे घंटेसारखी वाटी. ते पाहिलं आणि मला यावलचा गुरांचा दवाखाना आठवला. तिथं मी तरुणपणी गोऱ्हे नेलेले. आडवा पाडून चार माणसं दाबायची, डॉक्टर चिमटा लावायचा, कट्ट आवाज यायचा, गोऱ्हा हंबरायचा आणि बैल होऊन घरी यायचा.

मी उठलो. रत्नाच्या मांडीवरचं पोर उचललं आणि दाराकडे निघालो.

"बाबा, काय झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"डॉक्टरसाहेब, नातू हाये माझा, गोऱ्हा नही. मले त्याले खच्ची नही करायचं."

नर्स तोंड दाबून हसली. डॉक्टर हसला नाही. त्याचे वडील शेतकरीच होते म्हणे. म्हणाला, "बसा. गोऱ्ह्याचा चिमटा कुठं लावतात?"

मी सांगितलं.

"हा तिथं जातच नाही. हा फक्त पुढची कातडी धरतो. आणि तुमच्या नातवाला मी हाही लावणार नाही. ही लावणार आहे."

त्यानं एक प्लास्टिकची रिंग हातावर ठेवली. करंगळीच्या टोकाएवढी, टोपीसारखी, बाहेरून खाच पाडलेली, धरायला बारीक दांडी. एवढीशी वस्तू. आमच्याकडे कानातलं डूल याहून मोठं असतं.

मी म्हटलं, "हे मले समजत नही. माझ्या बोटाले लावून दाखवा."

नर्सनं पुन्हा तोंड दाबलं. पण डॉक्टरनं एका जुन्या रबरी हातमोज्याचं बोट कापलं. माझ्या करंगळीवर आधी ती रिंग टेकवली आणि वरून रबराचं बोट ओढलं. मग रबरावरून, रिंगीच्या खाचेत, धागा करकचून बांधला. म्हणाला, "आता बोट हलवा."

हलवलं. आत बोट मोकळं. धागा रिंगीवर बसलेला, माझ्या कातडीला लागतच नव्हता.

"बोट म्हणजे बाळाची ती जागा. रबर म्हणजे वरची कातडी. धाग्याच्या पुढच्या कातडीला रक्त जात नाही. ती सुकते आणि आठवड्याभरात रिंगीसकट आपोआप गळून पडते."

"नाळ गळते तशी?"

"तसंच म्हणा."

हा शब्द लक्षात ठेवा. पुढं त्यानंच घात केला.

मला तेव्हा केळीचं पान डोळ्यांपुढं आलं. सुकलेलं पान हात लावला की हातात येतं. ओलं ओढलं तर चीक गळतो आणि खोडाला जखम होते. मी रत्नाला म्हटलं, "हो म्हण." ती म्हणाली, "तुम्ही म्हणा." दोघंही एकदम म्हणालो.

बाकड्यावर

आत पोर नेलं आणि आम्ही बाहेर बाकड्यावर. रत्नानं कानांवर हात धरले. शेजारी एक दाढीवाले आजोबा बसलेले, पिंपळनेरचे, सायकलचं दुकान. नाव हमीदभाई. त्यांच्या मांडीवर नातू झोपलेला.

"तुमना नातू शे का आत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मना नातूनी रिंग पडनी. आज दखाडाले लई उनू." म्हणजे रिंग पडली होती, दाखवायला आणलं होतं. त्यांनी दुपटं बाजूला करून मला दाखवलंसुद्धा. स्वच्छ, थोडं लाल, बस्स. मला केवढा धीर आला सांगू. डॉक्टरच्या बोलण्यानं आला नव्हता तेवढा.

मग म्हणाले, "आमनाकडे बोकड कापतस, गावले जेवण देतस. तुमी काय देशात?"

मी म्हटलं, "डिंकाचे लाडू हायेत पिशवीत. बाळंतिणीचे."

"मंग द्या ना, भाऊ! जेवण ते जेवण."

रत्ना रडता रडता हसली. तिनं पिशवीतून लाडू काढून त्यांना दिला. अर्धा त्यांनी मला परत दिला. आत पोर किंचाळलं तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो उचलला नाही. "बठ्ठं चांगलं व्हई, भाऊ," सगळं चांगलं होईल, एवढंच म्हणत राहिले.

पोर बाहेर आलं, दूध प्यालं आणि झोपलं. संध्याकाळी माझ्या मांडीवर असताना धोतर कोमट झालं. किंचाळणं नाही, पाय पोटाशी नाही. झोपेतच झालं. मी ते धोतर दुसऱ्या दिवशीपर्यंत बदललं नाही. रत्ना रागावली.

निघताना डॉक्टरनं बजावलं. तेल नाही, मलम नाही, हळद नाही. साधं पाणी. रिंग ओढायची नाही, फिरवायची नाही. कडेला पिवळट दिसेल, कातडी काळी पडेल, घाबरायचं नाही. पण रिंग मागे सरकली, पुढे सूज आली, लघवी थांबली किंवा रक्त थांबेना, तर गावात कोणालाही न विचारता इथं यायचं.

मी ते वाटभर पाठ करत आलो. एरंडोल येईपर्यंत रत्नानं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

पहारा

घरी येऊन मी अक्काला सगळं सांगितलं. आणि सांगताना म्हटलं, "नाळेसारखी गळते म्हने."

तेल नाही हे ऐकून अक्काचा जीव खालीवर झाला. "कोरड्या अंगानं पोर न्हाऊ घालू? माकडाचं पिल्लू हाये का ते?" शेवटी ठरलं, पायांना, पाठीला थोडं तेल, पण कमरेच्या खाली पुढून एक थेंब नाही. अक्का न्हाऊ घालायला बसली की मी शेजारी पाटावर. रात्री रानडुकरांपासून मळा राखायला बसतो तसा.

अक्का टोमणे मारायची. "दगडू, तुले पगार किती देतंय तो डॉक्टर?" घरात मला नाना म्हणतात. दगडू म्हणणारी ती एकटीच उरली आहे.

येणारी-जाणारी बाई काही ना काही सांगून जाई. एक म्हणाली, धागा सैल करा, पोराला दुखत असेल. एक म्हणाली, हलकेच फिरवून पाहा, सुटेल. मी उंबऱ्यातच उभा राहून सांगायचो, "पोर झोपलंय." पोर आत टाहो फोडत असलं तरी हेच सांगायचो.

कातडी काळी पडली. पिवळट थर आला. डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच सगळं चाललं होतं. रत्नाला झोप लागू लागली.

मग केळी कापायचा दिवस आला. घड तयार झाले की थांबत नाहीत. ट्रक आलेला, कापणारे आलेले, मालकाला उभं राहावंच लागतं. मी सकाळी रत्नाला बजावलं आणि गेलो. रत्ना बिचारी रात्रीची जागी, पोराला अक्काच्या पायांवर देऊन तिचा डोळा लागला.

दुपारी परत आलो. उंबऱ्यातच थांबलो. घरात वास होता. भाजलेल्या एरंडीचा. द्वारका चुलीपाशी बसायची तेव्हा तिच्या पदराला यायचा तो. क्षणभर मला खरंच वाटलं ती आत आहे.

मग बाटली दिसली. कोनाड्यात नव्हती, मोरीजवळ होती. चिंधी काढलेली.

"अक्का, काय केलं?"

अक्का पदरानं हात पुसत होती. "सकाळी न्हाऊ घालताना लावलं, दगडू, नाळेले लावतो तसं बोटभर. नाळेसारखीच हाये म्हटला ना तू? वहिनीनं मरता मरता काढलेलं तेल. नातवाच्या अंगाले एक डाव लागलं नही. माझ्यानं पाहवेना."

मी पोर जवळ घेतलं. दुपटं सोडलं. रिंग पुढे नव्हती. तेलानं सटकून मागे गेली होती आणि तिच्यापुढचा भाग तांबडालाल, टरारून सुजलेला. लंगोट कोरडा. सकाळपासून कोरडा.

रत्ना उठून आली. तिनं पाहिलं आणि पोर दुपट्यात गुंडाळून उचललं.

पुन्हा धुळे

केळीचा ट्रक भरून गावाबाहेर निघाला होता. मी आडवा उभा राहिलो. ड्रायव्हर शिव्या घालत उतरला आणि पोर पाहून त्यानं केबिनचं दार उघडलं. रत्ना आणि पोर पुढे केबिनमधे. अक्का न विचारता वर चढली. मी म्हटलं, "तू थांब." ती म्हणाली, "नही थांबत." क्लीनर मागे घडांवर गेला, मीही मागे. जळगावला एसटी. पारोळ्याच्या पुढं बस जिथं जिथं थांबली तिथं मी ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभा राहिलो, जणू मी पाहिलं की बस लवकर निघेल.

बसमधे पोर अक्काच्या मांडीवर. रडून रडून आवाज बसलेला. रत्नानं त्याची मूठ धरलेली. मग अक्का म्हणाली, "मले मारशील तर मार. पन मंग. आधी पोर बरं होऊ दे."

"मारायचं असतं तर ट्रकखाली ढकललं असतं."

"मंग बोल तरी."

"काय बोलू? वास आला तव्हा मले वाटलं द्वारका आली."

अक्कानं मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. मग पदराच्या टोकानं पोराचं तोंड पुसलं, मग माझं पुसलं. सगळ्या बससमोर. लहानपणी पुसायची तसं, रगडून.

डॉक्टर दवाखान्यातच होता. दुपटं सोडताच त्याचा चेहरा बदलला. "काय लावलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "एरंडेल. मी लावलं. यानं नको म्हटलं होतं."

डॉक्टर तिच्यावर ओरडला नाही. "रिंग कापून काढावी लागेल. लगेच," म्हणाला आणि नर्सला काहीतरी सांगितलं. तिनं ट्रे आणला. ट्रेमधे पुन्हा एक चिमटा. हाडं कापायची कात्री म्हणे. जाड, आखूड तोंडाची. या खेपेला तो सरळ त्या जागीच लागणार होता.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. त्याला माझं मागचं आठवलं असणार. "बाबा, बाहेर थांबता का?"

"नही. पाय मी धरतो."

नर्सनं हात धरले, मी पाय. एवढेसे पाय, माझ्या मुठीत मावले. डॉक्टरनं सुई दिली, थोडा वेळ जाऊ दिला. मग रिंगीखाली एक पातळ पट्टी सरकवली, म्हणजे कात्री कातडीला लागू नये. मी डोळे मिटले नाहीत. गोऱ्ह्याच्या वेळी मिटायचो. या वेळी म्हटलं, जे होईल ते मी पाहणार. उद्या रत्नाला सांगायला कोणीतरी पाहिलेलं असलं पाहिजे.

कट्ट.

तोच आवाज. पोर उसळलं. रिंगीचे दोन तुकडे ट्रेमधे पडले.

डॉक्टरनं गार पाण्याची घडी ठेवली आणि बोटानं धरून राहिला. "आता लघवी व्हायला पाहिजे," म्हणाला. आम्ही वाट पाहू लागलो. पोरानं मुठी वळल्या, तोंड लाल केलं. मी पाय सोडले नव्हते. पायांना पीळ आला तो मला आधी कळला.

धार आली ती सरळ वर. डॉक्टरच्या बाहीवर, तिथून माझ्या टोपीवर. अशी धार त्या पोरानं जन्मापासून मारली नव्हती. नर्स मागे सरकली. डॉक्टर तसाच उभा, बाही ठिबकत, आणि म्हणाला, "शाब्बास, पठ्ठ्या."

दाराशी अक्कानं दोन्ही हात जोडले. रत्ना तिच्या गळ्यात पडून रडू लागली. मी टोपी काढली, पिळली आणि परत डोक्यावर घातली.

नंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, 'नाळेसारखी' असं पुन्हा कोणाला सांगू नका. मीही सांगणार नाही. आपल्याकडे नाळेला काय काय लावतात ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

नंतर

सूज उतरेपर्यंत तिथंच राहिलो. वरच्या मजल्यावर कामाला एक मावशी होती. अक्काला जेवण जाईना, तेव्हा ती रोज भाकरीबरोबर मिरचीचा खुडा, म्हणजे ठेचा, आणून समोर बसायची आणि खाल्ल्याशिवाय उठू द्यायची नाही. अशी माणसं दवाखान्यात भेटतात. डॉक्टरचं नाव लोक लक्षात ठेवतात, यांचं ठेवत नाहीत. मीही विचारायला विसरलो.

जखम भरली. औषध बरेच महिने चाललं, जळगावला फेऱ्या चालल्या. पुढं मशीनवर पाहिलं तर किडनीची सूज गेलेली. ताप पुन्हा आला नाही. आता पोरगं शाळेत जातं आणि मास्तरांना उलटं बोलतं.

ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. चिमट्याला, रिंगीला घाबरू नका, पण समजल्याशिवाय हो म्हणू नका. बोटाला बांधून दाखवा म्हणायला लाजू नका. घरात जी बाई पोराला न्हाऊ घालते तिला दवाखान्यात बरोबर न्या. डॉक्टरचं बोलणं तिच्या कानावर पडू द्या. आम्ही अक्काला घरी ठेवली आणि तिला माझ्या तोंडून अर्धंच पोचलं. आणि चूक झाली तर भांडण नंतर करा, गाडी आधी पकडा.

रत्ना सासरी जायचा दिवस आला. विहीणबाई स्वतः न्यायला आल्या, या खेपेला चहाही घेतला. डॉक्टरनं आता तेल चालेल असं सांगितलेलं. सकाळी अक्कानं पाणी तापवलं आणि पाटावर बसायला गेली. मी म्हटलं, "थांब. आज मी."

कोनाड्यातली बाटली काढली. चिंधी मी सोडली. पाय पसरून बसलो, पोर पायांवर घेतलं आणि तळहातावर तेल ओतलं. विहीणबाई दारातून बघत राहिल्या. पुरुषाला पोर चोळताना त्यांनी कधी पाहिलं नसणार. माझे हात खरखरीत, केळीच्या चिकानं काळे. पोर टुकूटुकू बघत होतं.

अक्का माझ्या डोक्याशी उभी राहून म्हणाली, "हळू, दगडू. नातू हाये तो, गोऱ्हा नही."

छातीला, पाठीला, पोटऱ्यांना. द्वारकेचं तेल त्या दिवशी संपवलं. बाटली उपडी धरून शेवटचा थेंब त्याच्या टाळूवर घातला.

पुढच्या पावसाळ्यात मी मळ्याच्या बांधावर एरंडी लावली. बिया भाजायला अक्कानं शिकवलं. पहिल्या वेळी जाळल्या, दुसऱ्या वेळी जमलं. आता दर वर्षी काढतो. त्याच बाटलीत भरतो.

परवा आलेल्या त्या सासूबाईंना हे शेवटचं सांगणं. तेल तयार आहे, कोनाड्यात आहे. तुमच्या नातवाची रिंग आपोआप पडू द्या, जखम सुकू द्या, डॉक्टरला विचारा. मग मी स्वतः बाटली घेऊन तुमच्या दारी येईन. तोवर मागायला आलात तर देणार नाही.